स्वारीचे सोबती

गुलमंडीच्या आमच्या घरी चिरंजीव संगणकावर साम्राज्ये जिंकतात. परवा वैतागून म्हणाले, "बाबा, मी चढाई केली की दोस्त येतच नाहीत!"

म्हटले, "अरे, निजामाला विचार! हे शहर तेव्हा त्याचेच." १७९० साली टिपूविरुद्ध पेशवे, निजाम, इंग्रज एक झाले. पुढे पेशव्यांशी बिनसताच निजामाने इंग्रजांना हाक मारली. सर जॉन शोअरने हात झटकले, कारण दोघेही मित्र! नाना फडणिसांनी मात्र शिंदे, होळकर, भोसले जमवले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजाम हरला. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले, आणि तीही जूट विस्कटली.

चुलतभावावर दावा लावताना मीही सख्ख्या भावांना बोलावले होते. आजारपणात धावून आलेले ते दोघे त्या दिवशी फिरकले नाहीत. दावा राहिला, फराळाला मात्र आम्ही सारे अजून एकत्र बसतो.