फराळ निघाला ५६ एपीओला

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. फौजेची अशी परंपरा असलेल्या घरांत दिवाळीचा फराळ घरापुरता करून भागत नाही. सीमेवरच्या घरधन्यासाठीही डबा भरावा लागतो.

या पार्सलवर गावाचं नावच नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’; एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. तुकडी नेमकी कुठं आहे, हे पत्त्यावरून कुणाला कळू नये म्हणून ही सोय. ५६ एपीओची डाक दिल्लीच्या, तर ९९ एपीओची कोलकात्याच्या मध्यवर्ती लष्करी टपाल कार्यालयातून पुढे जाते. हे काम पाहणारी सैन्य डाक सेवा १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोअर आहे.

वाट लांबची, म्हणून पदार्थ टिकाऊ हवेत. ओल्या नारळाची करंजी बाद. सुक्या खोबऱ्याची चालते. शंकरपाळे, शेव, बेसनाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी तग धरतात. चिवडा हवाबंद पिशवीत, लाडू कडक डब्यात आणि मधल्या फटींत लोकरीचे मोजे कोंबले की मोडतोडही कमी होते. लोणच्याचं तेल गळलं, तर मात्र पत्रासकट सगळं खराब. काडेपेटी, लायटर अशा ज्वालाग्राही वस्तूंना टपालात बंदीच आहे.

आणि करायचं थोडं जास्तच. बरॅकमध्ये उघडलेला डबा एकट्याचा राहत नाही.

डोंगराळ भागात बर्फानं रस्ते अडतात, विमानं खोळंबतात. तेव्हा दिवाळीचं पार्सल दसऱ्याच्या आधीच पोस्टात टाकावं.