केवळ तंबूंसाठी राखलेले तळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्रीय उद्याने, सरकारी वने आणि निरनिराळ्या राज्यांची उद्याने यांच्या हद्दीत प्रवाशांच्या रात्रीच्या मुक्कामासाठी मोकळ्या जागा आखून दिलेल्या असतात. त्यांना तेथे ‘कॅम्पग्राउंड’ म्हणतात. मराठीत यासाठी ‘तळ’ हा जुना शब्द पुरेसा आहे. फौजेचा तळ पडतो, दिंडीचा तळ पडतो, तसाच हाही तळ. फरक इतकाच की या तळावर प्रत्येक कुटुंबाला क्रमांक घातलेली एक जागा नेमून दिलेली असते. तिथे एक भक्कम मेज असते, विस्तवासाठी लोखंडी कड्याची आगटी असते आणि तंबू ठोकता येईल एवढी सपाट केलेली जमीन असते.

तळ म्हटल्यावर तंबू आलेच, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. उन्हाळ्यातील एखाद्या संध्याकाळी तेथील मोठ्या तळावरून फेरफटका मारला तर दिसतात ती प्रामुख्याने चाकांवरची घरे. काही मोटारीमागे जोडून ओढत आणलेली असतात. त्यांना ट्रेलर म्हणतात. काही स्वतःच्याच इंजिनावर चालणारी, बसगाडीएवढी मोटारघरे असतात. त्यांच्या मधल्या फटीत कोठेतरी एखादा तंबू अंग चोरून उभा असतो. म्हणूनच ‘केवळ तंबूंसाठी’ अशी जागा तेथे मुद्दाम शोधावी लागते. ती शोधण्याची एक रीत आहे; आणि ही रीत समजण्यासाठी तळाची आजची आखणी कशी घडली हे आधी पाहणे सोयीचे ठरेल.

यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान 1872 साली स्थापन झाले. त्या काळचा प्रवासी घोड्यावरून किंवा घोडागाडीतून येई आणि पाणी व गवत पाहून हवा तेथे उतरे. योसेमिटी उद्यानात 1913 साली आणि यलोस्टोनमध्ये 1915 साली मोटारींना प्रवेश मिळाला, आणि दहा-पंधरा वर्षांतच चित्र पालटले. रस्ते असे थोडेच होते; झाडांमधून वाट मिळेल तेथून लोक मोटारी आत घालीत आणि सावली पाहून झाडाच्या बुंध्याशी उभ्या करीत. दरवर्षी अशीच माणसे येत राहिल्यामुळे तळांवरची झुडपे नाहीशी झाली, गवत गेले, आणि मागे उरली ती चाकांनी व पावलांनी दडपून घट्ट झालेली, उन्हाळ्यात धुळीची व पावसात चिखलाची जमीन.

या गोष्टीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा माणूस म्हणजे एमिलिओ माइनेके. हा वनस्पतींच्या रोगांचा अभ्यासक. कॅलिफोर्नियातील प्रचंड वृक्षांवर प्रवाशांच्या वर्दळीचा काय परिणाम होतो, याची पाहणी त्याने 1920 नंतरच्या दशकात केली. वृक्षाला कोणी कुऱ्हाड लावीत नव्हते, तरी त्याच्या मुळांवरची माती दाबली जात होती. दाबलेल्या मातीत हवा व पाणी शिरत नाही आणि वरच्या थरातील बारीक मुळे मरतात. अपाय आज होतो आणि तो डोळ्यांना दिसतो पुष्कळ वर्षांनी. तोपर्यंत अपाय करणारा माणूस घरी जाऊन तो मुक्काम विसरलेलाही असतो. 1932 साली माइनेकेने तळांच्या व्यवस्थेविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातील उपाय साधा आणि म्हणूनच टिकाऊ ठरला. माणसांना जंगलातून हाकलण्याचे कारण नाही. मोटारीला मात्र तिच्या जागी बांधून घातले पाहिजे, असा त्याचा विचार होता. तळावरून एकाच दिशेने वळसा घालणारा अरुंद रस्ता असावा. त्याला तिरप्या फुटणाऱ्या छोट्या फाट्यांवर एकेक मोटार उभी राहावी. फाट्याच्या तोंडाशी धोंडे किंवा ओंडके पुरावेत, म्हणजे मोटार पुढे सरकणार नाही. मेज आणि चूल जमिनीत पक्की बसवावीत, म्हणजे पावलांची वर्दळ ठरावीक वाटेनेच होईल.

महामंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी काढलेल्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ या दलाने 1933 ते 1942 या काळात या धर्तीवर तळ बांधले. अमेरिकेतील सार्वजनिक तळ आजही बव्हंशी याच आराखड्याचे आहेत. झाडे वाचली, हे या आराखड्याचे यश. पण त्यात एक गोष्ट कायमची रुजली: मुक्कामाच्या प्रत्येक जागेत मोटारीचा हक्काचा तुकडा आला. पुढे मोटारीच वाढल्या, तेव्हा तो तुकडाही वाढत गेला. 1956 ते 1966 या दहा वर्षांत ‘मिशन 66’ या योजनेखाली राष्ट्रीय उद्यानांतील सोयींचा मोठा विस्तार झाला. 1962 साली माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे खाजगी तळांची एक साखळी सुरू झाली, ती पुढे देशभर पसरली. 1966 साली आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने मोटारघरे बनविण्यास प्रारंभ केला. चाकांवरच्या घराला वीज हवी, नळ हवा, सांडपाण्याची मोरी हवी, वळायला ऐसपैस रस्ता हवा. फाटे लांबले, त्यांवर डांबर पडले, आणि तंबूची सपाट जमीन आखडत गेली.

इंग्लंडमध्येही थोडेफार असेच घडले. 1901 साली टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याच्या पुढाकाराने सायकलवर तंबू लादून भटकणाऱ्यांची एक संघटना तेथे स्थापन झाली. तिच्या आजच्या नावात ‘कॅम्पिंग’ या शब्दाच्या जोडीला ‘कॅरॅव्हॅनिंग’ हा शब्दही आहे, यावरूनच काय ते समजावे.

मोटारघरात राहणारे लोक काही अपराध करीत नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे. वृद्धांना, अपंगांना आणि लहान मुलांच्या आईबापांना जंगलात रात्र काढण्याचा तो पुष्कळदा एकमेव मार्ग असतो. अडचण शेजाराची आहे. मोटारघराला भिंती आहेत आणि तंबूला केवळ कापड आहे. विजेची जोडणी नसेल तेथे मोटारघरवाले जनित्र चालवितात. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांत अशा यंत्राच्या आवाजावर मर्यादा आहे: पन्नास फुटांवर, म्हणजे सुमारे पंधरा मीटरवर, तो साठ डेसिबलपेक्षा अधिक असू नये. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांतता पाळण्याचाही नियम आहे. परंतु साठ डेसिबल म्हणजे जवळ बसून चाललेल्या संभाषणाइतका आवाज. बंद खिडकीआड तो त्रासदायक वाटणार नाही. कापडाआड मात्र संध्याकाळभर ओढ्याचा आवाज ऐकू येत नाही. ज्याच्यापाशी पैसा थोडा आहे, मोटारघर घेण्याची वा भाड्याने आणण्याची ऐपत नाही, असा विद्यार्थी किंवा कामकरी माणूस तंबू घेऊन येतो. आणि सार्वजनिक जमिनीवर शांत रात्र मिळणे त्यालाच सर्वांत कठीण व्हावे, हे काही न्यायाचे वाटत नाही. केवळ तंबूंसाठी जागा राखणे म्हणूनच लाड नव्हे.

अशा जागा कोठे असतात? नियमाने राखलेल्या जागा थोड्या आहेत, पण आहेत. वायोमिंग राज्यातील ग्रँड टेटन उद्यानात जेनी सरोवराच्या काठचा तळ हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे लहान मोटार जागेपर्यंत आणता येते. पण ट्रेलर, मोटारघर आणि जनित्र यांना मज्जाव आहे. कोठे कोठे संपूर्ण तळ राखलेला नसला तरी त्यातील एखादा वळसा शांत ठेवलेला असतो. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावरील मेदर तळाच्या ‘पाइन’ नावाच्या वळशात जनित्र चालविण्याची परवानगी नाही.

योसेमिटीतील ‘कँप फोर’ या तळाची कथा विशेष आहे. येथे मोटार बाहेरच्या मोकळ्या जागेत उभी करायची आणि सामान हातांनी वाहून न्यायचे. मोटारीत झोपता येत नाही. एकेका जागेत सहा माणसे राहतात, आणि ती एकमेकांच्या ओळखीची असतीलच असे नाही. पोलंडचा गिर्यारोहक आणि टेक्ससचा शिक्षक एकाच मेजावर भाकरी मोडताना दिसणे येथे नवलाचे नाही. अन्न अस्वलांच्या तावडीत जाऊ नये म्हणून लोखंडी पेट्यांत ठेवावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर एल कॅपिटान व त्याच्या शेजारच्या उभ्या कड्यांवर चढणाऱ्यांचे हे मुख्य ठाणे बनले. 1997 सालच्या जानेवारीत मर्सेड नदीला महापूर आला आणि वाहून गेलेल्या इमारतींच्या बदली कर्मचाऱ्यांची निवासस्थाने या तळाच्या लगत बांधण्याचा बेत पुढे आला. तेव्हा टॉम फ्रॉस्ट हा जुना गिर्यारोहक आणि त्याचे सहकारी न्यायालयात गेले. बेत बारगळला, आणि 2003 साली या धुळीच्या, इमारत म्हणावी असे काहीच नसलेल्या तळाची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली.

नियमापेक्षाही खात्रीचा पहारेकरी म्हणजे भूगोल. जेथे रस्ता पोहोचत नाही तेथे मोटारघरही पोहोचत नाही. बेटांवरचे तळ या दृष्टीने पाहावेत. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळील कंबरलँड बेटावर सेंट मेरीज गावाहून बोटीने जावे लागते आणि प्रवाशाला मोटार नेता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या चॅनेल बेटांच्या राष्ट्रीय उद्यानात पाचही बेटांवर तंबूंचे तळ आहेत. फ्लॉरिडातील की वेस्टच्या पश्चिमेस सुमारे 110 किलोमीटरवर ड्राय टॉर्टुगाज ही बेटे आहेत. तेथे जुन्या जेफरसन किल्ल्याच्या बाहेर तंबू ठोकता येतो. या बेटांच्या नावातच ‘ड्राय’ म्हणजे कोरडी हा शब्द आहे आणि तो शब्दशः खरा आहे. पिण्याचे पाणी आपले आपण न्यावे लागते. मेरीलँडमधील ॲसाटीग बेटावर मोटारीने जाता येते. तरी समुद्राच्या वाळूत काही जागा केवळ तंबूंसाठी असून त्या चालत जाऊन गाठायच्या असतात.

नेमकी उलटी तऱ्हाही आहे. यलोस्टोन सरोवराजवळील फिशिंग ब्रिज येथील तळावर तंबूला बंदी आहे. तंबूच नव्हे, तर कापडी भिंतींचा ट्रेलरही चालत नाही. कारण हा ग्रिझली अस्वलांचा नेहमीचा वावर असलेला भाग आहे. तेव्हा अस्वलांच्या मुलखात जाणाऱ्याने तंबू कोठे चालतो हे विचारण्याआधी तो कोठे चालत नाही हे विचारावे.

आता शब्दांविषयी. सरकारी तळांचे आरक्षण आज मुख्यतः संगणकाद्वारे होते आणि तेथे प्रत्येक जागेचा प्रकार नोंदलेला असतो. ‘टेंट ओन्ली’ म्हणजे त्या क्रमांकाची जागा तंबूची, एवढेच. शेजारच्या क्रमांकावर मोटारघर असू शकते. म्हणून एका जागेची नोंद वाचून थांबू नये, संपूर्ण वळशाचा नकाशा पाहावा. ‘वॉक-इन’ या शब्दाने तर भलेभले फसतात. कधी त्याचा अर्थ सामान घेऊन चालत जाण्याची जागा असा असतो, तर कधी आरक्षण न करता जो आधी येईल त्याला मिळणारी जागा असा असतो. दुसऱ्या प्रकारच्या तळावर तंबूवाला पहाटे पोहोचला तरी त्याच्या आधी तेथे मोटारघर उभे असू शकते. ‘विजेची जोडणी नाही’ हे वाक्यही दिलासा देणारे नव्हे. जोडणी नसेल तेथेच जनित्रे चालतात. ‘प्रिमिटिव्ह’ असे लिहिले असेल तर बहुधा नळ नाही असे समजून पाणी बरोबर घ्यावे. उलट, वाहनाच्या लांबीवर कडक मर्यादा घातलेली आढळली किंवा ट्रेलर न आणण्याविषयी सूचना दिसली, तर ती शुभ खूण मानावी. रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, असा तिचा अर्थ. हल्ली मोटारीच्या टपावर उघडणारे तंबूही निघाले आहेत. ते ‘तंबू’ मानायचे की ‘वाहन’, हे त्या त्या ठिकाणी विचारूनच घ्यावे. उद्यानाच्या कचेरीत दूरध्वनी करावा आणि मोटार उभी राहते तेथून तंबू किती पावलांवर आहे, एवढेच विचारावे. उत्तर शंभर पावले असेल तर आणखी चौकशीची गरज सहसा उरत नाही.

तळच नको असेल त्याच्यासाठी सरकारी वनांत आणखी एक सोय आहे. मनाई केली नसेल तेथे आखलेल्या तळाबाहेरही, बहुतेक ठिकाणी विनामूल्य, राहता येते. मुदत सामान्यतः चौदा दिवसांची असते. कोणत्या रस्त्यांवर वाहन न्यावे याचे नकाशे वनखात्याच्या कचेरीत मिळतात, आणि ज्या वाटेवर वाहनाला परवानगी नाही तिच्या आतल्या बाजूला पायी गेले की तंबूवाल्याला शेजारी उरत नाही. येथे मेज नाही, आगटी नाही, शौचकूपही नाही. तंबू ओढ्यापासून किंवा तळ्यापासून साठ मीटर दूर ठोकावा; मलविसर्जनासाठी तितक्याच अंतरावर पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खळगा खणून तो नंतर बुजवावा. कॅलिफोर्नियात अशा जागी विस्तव पेटविण्यासाठी स्वतंत्र परवाना काढावा लागतो, आणि वणव्याच्या दिवसांत परवाना असूनही विस्तवाला बंदी असू शकते. ती चौकशी निघण्याच्या दिवशीच केलेली बरी.