चार गळ्यांचें गाणें

अमेरिकेंतील ‘ईगल्स’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी जून १९७२ मध्यें बाजारांत आली. तिला आतां पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं. या अवधींत ‘ईगल्स’ हें नांव जगभर झालें, पुढील तबकड्यांनीं विक्रीचे उच्चांक गांठले, आणि जिच्यापासून हें सारें सुरू झालें ती तबकडी मात्र हळूहळू मागें पडली. ती विसरली गेली असें म्हणतां येणार नाहीं. तिच्यांतील तीन गाणीं अजूनहि नभोवाणीवर आणि उपाहारगृहांतून ऐकूं येतात. पण तीन गाणीं म्हणजे तबकडी नव्हे. तींत एकंदर दहा गाणीं आहेत. जुने रसिक जेव्हां ती कपाटांतून काढून पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत सलग ऐकतात, तेव्हां उरलेल्या सात गाण्यांत त्यांना एक निराळाच वाद्यवृंद भेटतो. तो कोणता, आणि मध्यंतरीं तो दिसेनासा कां झाला, हें समजून घेण्यासारखें आहे.

‘कंट्री रॉक’ हा शब्द ज्यांच्या कानांवरून गेला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. ‘कंट्री’ म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण व पश्चिम भागांतील खेड्यापाड्यांत वाढलेलें गाणें. फिडल, बॅन्जो आणि स्टील गिटार हीं त्याचीं वाद्यें. घर, रस्ता, आगगाडी, दारू आणि दुरावलेली प्रिया हे त्याचे नेहमींचे विषय. ‘रॉक’ हें त्या मानानें शहरी आणि तरुणांचें. विजेच्या गिटारी, ड्रमचा जोरदार ठेका आणि मोठा आवाज. १९६८ च्या सुमारास लॉस एंजेल्समधील कांहीं तरुण वादकांनीं हे दोन प्रवाह एकत्र आणले. हें त्या काळीं धाडसच होतें. कारण कंट्रीचे श्रोते बहुधा जुन्या वळणाचे, रॉकचे श्रोते केंस वाढविलेले, आणि एकमेकांचें तोंड पाहण्याची दोघांनाहि फारशी हौस नव्हती. ‘बर्ड्‌स’ची ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ (१९६८), ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ची ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ (१९६९) आणि ‘पोको’ची ‘पिकिन अप द पीसेस’ (१९६९) या तबकड्यांनीं वाट पाडली, पण त्या फारशा खपल्या नाहींत. वाट पाडणारे निराळे आणि तिच्यावरून भरधांव गाडी हांकणारे निराळे, हा प्रकार येथेंहि घडला.

‘ईगल्स’चे चौघे चार ठिकाणांहून आलेले. ग्लेन फ्राय डेट्रॉइटचा. डॉन हेन्ली टेक्ससमधील लिंडेन या लहानशा गांवचा. रँडी माइस्नर नेब्रास्कांतील शेतकऱ्याचा मुलगा. आणि बर्नी लेडन मिनिआपोलिस येथें जन्मलेला, बॅन्जोवर हात बसलेला. १९७१ सालीं लिंडा रॉनस्टॅट या गायिकेची साथ करण्याच्या निमित्तानें हे एकत्र आले. त्या वेळीं चौघांत वजन कोणाचें होतें हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. फ्राय व हेन्ली यांची फारशी ओळख झालेली नव्हती. लेडन मात्र ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’मध्यें वाजवून आला होता, आणि माइस्नर ‘पोको’च्या संस्थापकांपैकीं एक होता.

माइस्नरच्या ‘पोको’मधील अनुभवाची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. त्या वाद्यवृंदाच्या पहिल्या तबकडीवर अखेरचा हात फिरविला जात असतां त्याला त्या कामांत सामील करून घेतलें नाहीं. तेव्हां रागावून तो तबकडी बाहेर येण्यापूर्वींच निघून गेला. मागें राहिलेल्यांनीं त्यानें गाइलेल्या जागीं दुसऱ्याचा आवाज घातला, आणि वेष्टनावरील चित्रांत त्याच्या चेहऱ्याच्या ठिकाणीं एक कुत्रा काढला! तेव्हां १९७२ ची तबकडी ही त्याच्या दृष्टीनें पहिल्या तबकडीची दुसरी खेप होती, आणि या खेपेला त्याचा आवाज तींत राहिला.

ध्वनिमुद्रणाची सूत्रें ग्लिन जॉन्स या इंग्रज गृहस्थाच्या हातीं होतीं. ‘रोलिंग स्टोन्स’, ‘द हू’, ‘लेड झेपेलिन’ यांच्या तबकड्यांवर काम करून तो नांवाजलेला होता. कोलोराडोंतील बोल्डर येथें त्यानें या चौघांना प्रथम ऐकलें आणि त्याचें मन मुळींच बसलें नाहीं. फ्राय रॉककडे ओढतो आहे, लेडन कंट्रीकडे ओढतो आहे, आणि मध्यें कोणीच नाहीं, असें त्याला वाटलें. पुढें लॉस एंजेल्समध्यें तालीम ऐकतांनाहि तेंच मत कायम राहिलें असतें. पण विश्रांतीच्या वेळीं चौघांनीं विजेचीं वाद्यें बाजूला ठेवून साध्या गिटारींवर एक संथ गीत म्हणून दाखविलें. ‘मोस्ट ऑफ अस आर सॅड’ हें तें गीत. त्याची रचना फ्रायची, पण मुख्य आवाज माइस्नरचा आणि बाकीच्या तिघांचे सूर त्याच्या भोंवतीं. जॉन्सचा निर्णय त्या क्षणीं फिरला. ‘ईगल्स’चा ध्वनि म्हणून पुढें जो जगाला ठाऊक झाला, तो त्याला या गाण्यांत सांपडला, आणि नेमकें हेंच गाणें आज सामान्य श्रोत्याला ठाऊक नसतें.

या ध्वनींत विशेष काय होतें? आपल्याकडील बैठकींत एक गवई गातो आणि साथीदार त्याच्या स्वरांचा पाठलाग करतो. येथें तसें नाहीं. चौघे तेच शब्द एकाच क्षणीं उच्चारतात, पण प्रत्येकाची पायरी निराळी: एकानें षड्ज धरला तर दुसरा गंधारावर, तिसरा पंचमावर, आणि माइस्नर बहुतेक सर्वांच्या वर. पायऱ्या निराळ्या असून शब्द मात्र एका तोंडून निघाल्यासारखे जुळले पाहिजेत. एकाचा श्वास जरी मागेंपुढें झाला तरी सारी इमारत डळमळते. १९७२ च्या आरंभीं लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओंत जॉन्सनें बहुतेक तबकडी मुद्रित केली, तेव्हां त्यानें याच गोष्टीला जपलें. आवाजांवर त्यानें फारसे संस्कार केले नाहींत, आणि स्टुडिओंत मादक पदार्थांना मज्जाव केला. या दुसऱ्या नियमाबद्दल फ्राय-हेन्ली यांची कुरकुर होती. पण तबकडी ऐकतां जॉन्सचें बरोबर होतें असेंच म्हणावें लागतें.

आतां मुख्य मुद्दा. दहा गाण्यांत प्रमुख गायक कोण कोण आहेत याची मोजदाद केली तर फ्राय तीन, माइस्नर तीन, हेन्ली दोन आणि लेडन दोन असा हिशेब लागतो. चार गळ्यांत इतकी सारखी वांटणी या वाद्यवृंदाच्या पुढील यशाच्या काळांत राहिली नाहीं. तबकडीची दुसरी बाजू तर विशेषच पाहण्यासारखी आहे. तिच्यावरील पांच गाण्यांत दोन लेडनचीं, दोन माइस्नरचीं आणि एक फ्रायचें. ज्या हेन्लीचा गळा म्हणजेच ‘ईगल्स’ असें पुढें लोक समजूं लागले, त्याला त्या बाजूवर एकहि गाणें नाहीं! आणि पहिल्या बाजूवर त्याचीं जीं दोन आहेत त्यांपैकीं ‘नाइटिंगेल’ हें जॅक्सन ब्राउनचें गीत मागाहून लॉस एंजेल्स येथें मुद्रित केलेलें आहे. हेन्लीचा आवाज आणखी एकदां ऐकूं यावा असें प्रकाशक डेव्हिड गेफेन याला वाटलें म्हणून. पुढील काळाची चाहूल ती हीच.

मग हा समतोल कोठें गेला? त्याचें एक कारण हिशेबी आहे. फेब्रुवारी १९७६ मध्यें निवडक दहा गाण्यांचा एक संग्रह निघाला. अमेरिकेंत तो कमालीचा खपला. २०१८ सालीं त्याला ३ कोटी ८० लाख प्रतींचें प्रमाणपत्र मिळालें, म्हणजे त्या देशांत सर्वाधिक खपलेली तबकडी तीच. घरोघर ‘ईगल्स’ म्हणून जी वस्तु गेली ती ही. पहिल्या तबकडींतून तिच्यांत तीन गाणीं उचललीं गेलीं, ‘टेक इट ईझी’, ‘विची वूमन’ आणि ‘पीसफुल ईझी फीलिंग’. पैकीं दोन फ्रायचीं, एक हेन्लीचें. माइस्नरचीं तीन व लेडनचीं दोन मिळून पांचहि गाणीं वगळलीं गेलीं. साऱ्या संग्रहांत माइस्नर मुख्य गायक म्हणून एकदांच येतो, तेंहि १९७५ च्या गाण्यांत. लेडन एकदांहि नाहीं. निवड करणाऱ्यांनीं अन्याय केला असें नव्हे. १९७२ मध्यें याच तीन गाण्यांनीं अमेरिकन यादींत अनुक्रमें १२ वें, ९ वें आणि २२ वें स्थान मिळविलें होतें. लोकप्रिय गाणीं घ्यावयाचीं तर हींच घेणें भाग होतें. पण परिणाम असा झाला कीं, दोन पिढ्यांनीं चार खांबांची वास्तु दोन खांबांची समजून पाहिली.

गंमत अशी कीं, जीं तीन गाणीं निवडलीं गेलीं त्यांतहि लेडनचे हात सर्वत्र आहेत. ‘विची वूमन’चे शब्द हेन्लीचे, पण मूळ चाल लेडननें जुळविलेली. ‘टेक इट ईझी’ हें जॅक्सन ब्राउनचें अपुरें राहिलेलें गीत. तो व फ्राय एकाच घरांत वरखालीं राहात, आणि अडलेलें कडवें फ्रायनें पुरें केलें. त्यांत ॲरिझोनामधील विन्स्लो या गांवाचें नांव आलें, आणि त्या एका उल्लेखावर तेथें १९९९ सालीं रस्त्याच्या कोपऱ्यावर एक उद्यानच उभें राहिलें. २०१६ मध्यें तेथें फ्रायचा पुतळाहि बसविला. रसिक आज तेथें छायाचित्रें काढून घेतात. पण त्या गाण्याला जी पळती गति आहे ती ठेक्याच्या दुप्पट वेगानें चाललेल्या लेडनच्या बॅन्जोची. कान एकदां त्या बॅन्जोकडे लावले कीं मग तो सोडवत नाहीं.

‘पीसफुल ईझी फीलिंग’मधील त्याची गिटार हाहि एक ऐकण्याचा विषय आहे. गिटारीच्या सुरांत पट्ट्या ठरलेल्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर जावयाचें तें पायरीपायरीनें. ‘बर्ड्‌स’मधील क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांनीं अशी योजना केली कीं, गळ्यांतील पट्टा खांद्यानें किंचित् ओढतांच आंतील तरफेनें एक तार ताणली जावी आणि तिचा सूर अलगद वर चढावा. आपण जिला मींड म्हणतों तीच ही, फक्त बोटाऐवजीं खांद्यानें काढलेली. लेडननें ती फार संयमानें वापरली आहे.

वगळलेल्या गाण्यांत सगळेंच सोनें आहे असेंहि नाहीं. ‘चग ऑल नाइट’ हें फ्रायचें गाणें आजहि रिकामेंच वाटतें. जोर आहे, पण सांगण्यासारखें कांहीं नाहीं. लेडनच्या ‘अर्लीबर्ड’मध्यें पांखरांची किलबिल व बॅन्जो यांचा खेळ दोनदां ऐकल्यावर पुरे होतो. उलट जीन क्लार्क व लेडन यांनीं रचलेलें ‘ट्रेन लीव्ह्‌ज हिअर धिस मॉर्निंग’ हें तबकडींतील सर्वांत शांत आणि कदाचित् सर्वांत टिकाऊ गाणें ठरावें. लेडनचा गळा मोठा नाहीं. तो थोडा संकोचून गातो, आणि निघून जाणाऱ्या माणसाच्या त्या गीताला तो संकोचच शोभतो. माइस्नरच्या ‘टेक द डेव्हिल’मध्यें काळोखी आहे, ती पुढें या वाद्यवृंदानें मोठ्या डौलानें मांडली, येथें ती अजून ओबडधोबड आहे, आणि म्हणून खरी वाटते.

रसिकांत यावर एकमत मुळींच नाहीं. कित्येकांचें म्हणणें असें कीं, समान वांटणी हाच या तबकडीचा दोष. चार तोंडांमुळें तिला चेहरा नाहीं, आणि हेन्ली पुढें आल्यावर तो मिळाला. या म्हणण्यांत तथ्य आहे. डिसेंबर १९७६ च्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’मध्यें गाइलेल्या आठ गाण्यांपैकीं पांच हेन्लीचीं, आणि त्या तबकडीचा एकसंध प्रभाव नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याची किंमत द्यावी लागली. लेडन १९७५ च्या अखेरीस बाहेर पडला. माइस्नर १९७७ मध्यें गेला. रोज रात्रीं एक अत्युच्च सूर लावण्याचा ताण आणि त्यावरून फ्रायशीं झालेली हातघाई हें त्याचें निमित्त. त्याच्या जागीं टिमथी श्मिट आला. ‘पोको’मधून माइस्नर गेला तेव्हांहि त्याची जागा याच श्मिटनें घेतली होती. जुने-नवे सातहि जण एका व्यासपीठावर वाजवितांना दिसले ते १९९८ सालच्या एका गौरवसमारंभांत. फ्राय २०१६ मध्यें वारला, माइस्नर २०२३ मध्यें.

तबकडीच्या वेष्टनाची गोष्टहि अशीच. गॅरी बर्डेन व छायाचित्रकार हेन्री डिल्ट्झ यांनीं तें असें योजिलें होतें कीं, पुरतें उलगडल्यावर एक मोठें चित्र व्हावें: वरच्या अंगाला वाळवंटाचें आकाश व गरुड, खालच्या अंगाला शेकोटीभोंवतीं बसलेले चौघे. गेफेनला ही घडी गोंधळाची वाटली आणि त्यानें ती चिकटवून टाकविली. त्यामुळें तें चित्र योजल्याप्रमाणें सबंध दिसेनासें झालें.

दुसरी बाजू संपते ती ‘ट्रायिन’ या गाण्यानें. तें माइस्नरचेंच, रचना त्याची, मुख्य आवाज त्याचा, वेग भरपूर. शेवटीं बाकीचे तिघेहि त्याच्या मागें उभे राहून गातात, आणि सुई मधल्या कोऱ्या वर्तुळांत शिरते.