दिंडीचा ट्रक आणि ‘अलम्’

आषाढी वारी समीप आली, की जालना-भोकरदन मार्गावरील केदारखेड्यासारख्या गावी दिंडीचा शिधा वाहणाऱ्या ट्रकच्या रंगकामाचा प्रश्न उभा राहतो. तो सजवावा तरी किती?

‘अलंकार’ हा शब्द ‘अलम्’पासून सिद्ध झाला. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. हौद्याचा सडलेला पत्रा अवश्य बदलावा, उरलेला गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्यावा, मगच रंग. गंजावरच लांबी भरून रंग चढविला, तर तो आतून पोखरत राहतो आणि आषाढसरींत वारकऱ्यांचा शिधा भिजतो. येथे काटकसर हा दोषच होय.

परंतु पत्रा निर्दोष झाला, की थांबावे. आरशासारख्या झिलईचे द्रव्य अन्नदानाकडे वळवावे. दर्शनी फळीवर ‘राम कृष्ण हरी’ उमटले, की वाचकहो, अलम्!