हृदयाचे चुंबकत्व मोजायचे कसे?

येडशीच्या रामलिंग घाटातला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. दगडाला चुंबकत्व असते हे तुम्हाला पटेल. पण तुमच्या हृदयालाही चुंबकीय क्षेत्र आहे, असे सांगितले तर?

एक सोपा प्रयोग करा. होकायंत्राच्या सुईवरून तांब्याची तार उत्तर-दक्षिण धरा आणि तिची टोके क्षणभरच टॉर्चच्या सेलला लावा. सुई वळते. विद्युत्प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, हा शोध ओर्स्टेडने १८२० मध्ये लावला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या स्नायूंतून विजेची लाट जाते. ई. सी. जी. काढतात ती तिचीच. प्रवाह आला की चुंबकत्व आलेच!

मग होकायंत्र छातीशी धरले तर सुई का हलत नाही? आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला असते. हृदयाचे क्षेत्र छातीलगत ५० ते १०० पिकोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा चार ते आठ लाखांवा भाग. मेंदूचे क्षेत्र त्याच्याही शंभराव्या भागाइतके किंवा त्याहून कमी.

पृथ्वीचे क्षेत्र बरेचसे स्थिर असते, म्हणून ते वगळता येते. खरा त्रास बदलत्या क्षेत्रांचा. आगगाडी, विजेच्या तारा, मोटारी हा सारा चुंबकीय गोंगाटच. आपल्या महाराष्ट्राला याचा अनुभव जुना आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून भूचुंबकत्वाचे वेध घेतले जात. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्या वेध बिघडवतील म्हणून अलिबागला नवी वेधशाळा उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. जुन्या आणि नव्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून दोन्ही ठिकाणी दोन वर्षे एकाच वेळी वेध घेतले. १९०७ मध्ये ट्राम धावू लागली, तेव्हा वेध सुरक्षित होते.

परंतु रुग्णालय काही गावाबाहेर हलवता येत नाही. तेथे दोन युक्त्या वापरतात. पहिली, विशिष्ट मिश्रधातूच्या भिंतींची खोली. ती बाहेरचे क्षेत्र अडवते. दुसरी, तारेची दोन वेटोळी उलटी जोडणे. लांबच्या गाडीचे क्षेत्र दोन्हींत जवळजवळ सारखे असते, म्हणून ते वजा होते. हृदयाचे क्षेत्र मात्र जवळच्या वेटोळ्यात जास्त आणि दूरच्यात कमी. ते शिल्लक उरते.

अमेरिकेत बाउले आणि मॅकफी यांनी १९६३ मध्ये लाखो वेढ्यांच्या वेटोळ्यांनी हृदयाचे क्षेत्र प्रथम टिपले. १९६९ च्या अखेरीस डेव्हिड कोहेन यांनी ‘स्क्विड’ हे उपकरण वापरून त्याचा स्पष्ट आलेख काढला. स्क्विड म्हणजे अतिसंवाहक धातूचे चिमुकले कडे. ते उणे २६९ अंश सेल्सियसच्या द्रव हेलियममध्ये ठेवावे लागे. भारतात कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने अशी उपकरणे तयार केली आहेत.

याचा उपयोग काय? कवटीच्या हाडातून वीज नीट जात नाही, त्यामुळे डोक्याच्या कातडीवर मिळणारा विद्युत् संकेत पसरट होतो. चुंबकीय क्षेत्र मात्र हाडातून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येते. म्हणून औषधांना न जुमानणाऱ्या फेफऱ्यात झटका मेंदूच्या कोणत्या भागात सुरू होतो, हे शोधायला त्याची मदत होते. शस्त्रक्रिया करणाऱ्याला ही माहिती मोलाची असते. गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा बिघडलेला ताल समजण्यासही हे मापन उपयोगी पडते.

एक गैरसमज मात्र नको. ही उपकरणे शरीराचे चुंबकत्व फक्त ‘ऐकतात’. त्यावरून चुंबकाच्या पट्ट्याने रोग बरे होतात असे मुळीच ठरत नाही.

फेफरे हा मेंदूतील विजेचा बिघाड आहे, भूतबाधा नव्हे. वर्गात कोणाला झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

२०१८ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी हेलियम न लागणारे, डोक्यावर घालता येणारे उपकरण दाखवले. ते घालून माणसाला हालचालही करता येते. उपकरण जितके सुटसुटीत, तितके ते अधिक रुग्णांपर्यंत पोहोचेल. त्यात भर घालणारे हात उद्या तुमचे का असू नयेत?