जॅक रसेल : बिळात शिरणारा इवलासा टेरियर

ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला पांढरा कुत्रा तुमच्यापैकी पुष्कळांनी जुन्या तबकड्यांवर पाहिला असेल. त्याचे नाव निपर. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी १८८४ साली तो जन्मला आणि १८९५ साली वारला. त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराने ते चित्र काढले. घरी येणाऱ्यांच्या पोटऱ्यांना हलकेच चावे घेण्याच्या खोडीवरून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. निपर नेमका कोणत्या जातीचा, याविषयी मतभेद आहेत. पण तो टेरियर कुळातला होता, हे सर्वांस मान्य आहे. याच कुळातील जॅक रसेल या लहानशा जातीची ओळख आज करून घेऊ.

लॅटिन भाषेत 'टेरा' म्हणजे भूमी. भूमीत, म्हणजे बिळात शिरून जनावराचा माग काढणारा, तो टेरियर. आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा सावज डोळ्यांनी हेरतो आणि मोकळ्या माळावर वेगाने गाठतो. टेरियरचे काम जमिनीखालचे. तेथे लांब पाय काय कामाचे? तेथे हवे लहान अंग, अरुंद छाती आणि न डगमगणारे काळीज.

या जातीला नाव मिळाले ते पाद्री जॉन रसेल यांच्यावरून. त्यांचा जन्म १७९५ चा. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ च्या सुमारास, त्यांनी एका गवळ्याजवळ एक पांढरी कुत्री पाहिली आणि तेथल्या तेथे विकत घेतली. तिचे नाव ट्रम्प. पुढे डेव्हन परगण्यातील स्विमब्रिज गावी पाद्री असताना त्यांनी तिचाच वंश वाढविला. त्या काळी इंग्लंडात घोड्यावरून कोल्ह्यांची शिकार चाले. कोल्हा बिळात दडला की टेरियर आत सोडीत. त्याने कोल्ह्याला मारावयाचे नाही. भुंकून भुंकून बाहेर काढावयाचे. अंग पांढरे असावे, असा आग्रह याचसाठी, की धुळीच्या लोटात कोल्हा कोणता आणि कुत्रा कोणता, हे शिकाऱ्यांना व इतर कुत्र्यांना कळावे. पाद्रीबुवा १८८३ साली वारले. कुत्री सोडून कोल्हा मारण्याच्या या खेळाला इंग्लंडात २००४ च्या कायद्याने बंदी झाली. काम गेले, कुत्र्याचा स्वभाव मात्र गेला नाही. आजच्या पाळणाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते.

हा कुत्रा खांद्याशी २५ ते ३० सेंटिमीटर उंच, वजनाने पाच-सहा किलो. उंचीच्या दर पाच सेंटिमीटरला एक किलो, असे प्रमाण धरतात. पुढच्या पायांमागे छातीला दोन्ही हातांचा वेढा बसला पाहिजे; कारण न बसणारी छाती बिळातही शिरणार नाही. हा कुत्रा तेरा ते सोळा वर्षे सहज जगतो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. मुलीच्या हट्टाखातर मी असे एक पिल्लू आणले. आकाराने लहान, तेव्हा दोन खोल्यांत मावेल, हा माझा हिशेब. सकाळी मी महाविद्यालयात, मुलगी शाळेत, पिल्लू कोंडलेले. महिन्याभरात गादी फाटली, कुंड्या उकरल्या गेल्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या. मी त्याला द्वाड ठरवून मोकळा झालो. एकदा माझ्या विद्यार्थ्याचे वडील गावाहून आले होते. घटकाभर पाहून ते म्हणाले, "मास्तर, ह्याला काम न्हाई, म्हणून हे असं करतंय. माझ्याकडं द्या महिनाभर." मी दिला. त्यांच्या खळ्यावर तो दिवसभर घुशींच्या मागे असे आणि रात्री गाढ झोपे. मग त्याला परत आणावयाचा धीर मला झाला नाही. चूक माझी होती. शिक्षा मात्र त्या मुक्या जिवाने भोगली.

तेव्हा पाळावयाचा असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. त्याच्यामागे टाळी वाजवून पाहा; पांढऱ्या कुत्र्यांत जन्मतः बहिरेपणा आढळतो. रोज तासभर तरी त्याला पळवा. वस्तू लपवून हुडकण्याचे खेळ खेळा. रस्त्यावर साखळी सोडू नका, कारण उंदीर दिसला की धन्याची हाक त्याच्या कानी शिरत नाही. कोंबड्या व मांजर यांच्यावर त्याचा भरवसा धरू नका. ससा, मुंगूस यांच्यावर तर त्याला मुळीच सोडू नका. वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे भागत नाही; अंडी वा शिजवलेले मांस हवे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट त्याला विषासमान. उंदरांसाठी औषध घातले असेल, तर त्याला बांधून ठेवा. विष खाऊन मेलेला उंदीर त्याने खाल्ला, तर तोही दगावू शकतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळीच फिरवा. गोचिडांसाठी कान आणि पायांची बोटे रोज पाहा. डोळा लाल वा धुरकट दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा. या जातीत डोळ्यातील भिंग सरकण्याचा आनुवंशिक विकार आहे.

उंदरांच्या मुतातून लेप्टोची लागण होते, म्हणून त्याची लस टोचून घ्या. पिसाळ रोगाची लस तर चुकवूच नका. गुरुजनांनी मुलांना एवढे अवश्य शिकवावे : कोणताही कुत्रा चावला, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद-चुना लावून घरी बसू नये.

आणि पिल्लू आणण्यापूर्वी स्वतःला एकच विचारा : रोजचा तासभर वेळ, तोही पुढची पंधरा वर्षे, मी देऊ शकेन का? उत्तर 'हो' असेल, तर खुशाल आणा. त्याच्याइतका आनंदी सोबती मिळणार नाही. 'नाही' असेल, तर मी केले ते तुम्ही करू नका.