अर्धांगवायूनंतरचा दुखरा खांदा

अर्धांगवायूचा, म्हणजे लोक ज्यास लकवा म्हणतात त्याचा, झटका ओसरून रोगी घरीं आला कीं कुटुंबास वाटतें, मोठें संकट टळलें. जळगांवच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या घरांत रोगी काठीच्या आधारानें चार पावलें टाकूं लागतो. आणि अशांतच कांहीं आठवड्यांनीं लुळ्या बाजूचा खांदा ठणकूं लागतो. रात्रीची झोप जाते, हात हलविण्याची भीति बसते. खरी हानि हीच. कारण ज्या हालचालींनीं हात सुधारावयाचा, त्याच बंद पडतात.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशींत ठेवलेला चेंडू. त्यास हाडांचा आधार थोडा. सारी भिस्त स्नायूंवर. स्नायू लुळे पडले कीं हाताच्याच वजनानें चेंडू खालीं ओघळतो. त्यांत कोणीं काखेंत हात घालून रोग्यास उठविलें किंवा मनगट धरून ओढलें, तर आंतील कंडरा दुखावतात. पुढें स्नायू ताठरले म्हणजे सांध्याभोंवतालचें वेष्टन आखडतें.

बाहेरून हे प्रकार पुष्कळदां सारखेच भासतात. ते ओळखण्यास तीन साधनें आहेत. १८९५ सालीं राँटजेन यांनीं शोधलेले क्ष-किरण हाड दाखवितात. मात्र रोग्यास निजवून चित्र घेतलें, तर ओघळलेला चेंडू जागेवर सरकतो आणि दोष लपतो. म्हणून बसवून, हात लोंबता ठेवून चित्र घेणें बरें. सोनोग्राफींत ध्वनिलहरी वापरतात. कंडरा फाटली आहे कीं सुजली आहे, हें तींत हात हलत असतांनाच पाहतां येतें. एमआरआय ही तपासणी चुंबकाच्या साहाय्यानें खोल भागाचें दर्शन घडविते; परंतु ती खर्चाची असून प्रत्येकास लागत नाहीं, व शरीरांत पेसमेकर असल्यास तें आधीं सांगावें लागतें.

तथापि चित्र म्हणजे वेदना नव्हे. कित्येक वृद्धांच्या कंडरा फाटलेल्या असूनही त्यांना दुखत नाहीं. उलट मेंदूंतील इजेमुळें उद्भवणारी वेदना खांद्याच्या कोणत्याच चित्रांत उमटत नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं प्रथम हातानें तपासावें व शंका उरल्यास यंत्राकडे वळावें, हेंच योग्य.

धुळ्याचें श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व २०१८ सालीं सुरू झालेलें जळगांवचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळें खानदेशांतील रोग्यास सल्ल्यासाठीं मुंबई-पुणें गांठावेंच लागतें असें नाहीं. परंतु पहिली काळजी घरच्यांनींच घ्यावयाची आहे. सदरा घालतांना लुळा हात आधीं घालावा, काढतांना शेवटीं काढावा; रोगी बसला असतां त्या हाताखालीं उशी द्यावी; आणि तो हात धरून रोग्यास कधींही ओढूं नये.